दुखत नाही, म्हणून पाहू नये काय?

लाळ्या-खुरकुताच्या दिवसांत बैलाने वैरण सोडली, की शेतकरी प्रथम त्याचे तोंड उघडून पाहतो. मावा पडला असेल या शंकेने तो कपाशीचे पानही उलटून पाहतो. तीच नजर स्वतःच्या तोंडाकडे मात्र वळत नाही. आणि वर्षानुवर्षे तंबाखूचा बार धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही हयगय जिवावर बेतते.

तोंडाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही, हीच त्यातील खरी मेख होय. तंबाखू जेथे धरली जाते तेथे, गालाच्या वा ओठाच्या आतील बाजूस, पांढरा चट्टा उमटतो व तो पुसून जात नाही. चट्टा लाल, मखमलीसारखा असल्यास अधिक धोक्याचा समजावा. कित्येकांना तिखट सोसवेनासे होते, गाल आतून ताठर होतात आणि पूर्वी तोंडात तीन बोटे उभी जात तेथे दोनही जाईनाशी होतात. हा सुपारीचा परिणाम होय. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, हा समज साफ चुकीचा आहे. दात विनाकारण हलणे, जीभ जड होणे, मानेत गाठ येणे ही बहुधा पुढची लक्षणे. साधे तोंड येणे दोन आठवड्यांत बरे होते. त्यापुढे टिकलेला व्रण घरगुती औषधांवर न ठेवता डॉक्टरांस दाखवावा. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनाही हे लागू आहे. त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही.

केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

तेव्हा बियाण्याची चौकशी करावयास घरी येणाऱ्या कार्यकर्त्याने हाही प्रश्न विचारावा. निदान करणे त्याचे काम नव्हे. संशय येताच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धाडणे एवढेच त्याचे काम. तेथून पुढे तपासणीसाठी तुकडा काढावयाचा झाल्यास ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असे सांगणारे शेजारी भेटतातच. तसे काही होत नाही, हे घरच्या मंडळींना अगोदरच समजावून द्यावे आणि शक्य झाल्यास पहिल्या खेपेस कोणी तरी सोबत जावे.