काळोख खरवडणारे हात

दिंडोरी तालुक्यातल्या आपल्या मोहल्ल्यांत एखाद्या मुलाने किंवा मुलीने चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे नाव काढले की तीन वाक्ये ऐकायला मिळतात. तस्वीर काढणे हराम आहे. चित्राने पोट भरत नाही. आणि बोलणारा थोडा शिकलेला असला तर तिसरे : छापाचे चित्र म्हणजे शेवटी नक्कल! ही तिन्ही वाक्ये आम्हाला मान्य नाहीत. का नाहीत, ते मेझोटिंट या एकाच छापकलेच्या आधाराने सांगतो.

या कलेत तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. दातेरी, अर्धगोल पात्याचे हत्यार त्यावर सगळ्या दिशांनी झुलवत सारा पत्रा खरबरीत करतात. या कामाला दिवसच्या दिवस लागतात. अशा पत्र्याला शाई भरून ठसा घेतला तर कागदावर फक्त मखमली काळोख उमटतो. मग कलावंत खरवडणीने आणि घोटणीने जिथे जेवढा पत्रा गुळगुळीत करील, तिथे तेवढा उजेड येतो. इतर चित्रकार पांढऱ्यावर काळे करतात, हा काळ्यातून पांढरे काढतो.

आधी नक्कलेचा आरोप पाहू. लुडविग फॉन झीगन या जर्मन माणसाने १६४२ मध्ये या रीतीचे पहिले चित्र केले. पुढे इंग्लंडात तैलचित्रांच्या प्रती काढण्यासाठी ती फार वापरली गेली. एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफी आली आणि प्रतींचे काम संपले. नक्कल हाच तिचा प्राण असता तर ती तेव्हाच संपायला हवी होती. पण पॅरिसमध्ये राहणाऱ्या योझो हामागुची (१९०९-२०००) या जपानी कलावंताने रंगीत मेझोटिंट सिद्ध केले. त्याच्या काळोखात एखादी चेरी, एखादा अक्रोड असा काही उजळतो की मूळ फळ फिके वाटावे. याला नक्कल कोण म्हणेल?

आता हरामचा प्रश्न. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांत मतभेद आहेत, ते आम्ही नाकारत नाही. पण झाडे, फळे, निर्जीव वस्तू यांना पारंपरिक फिकहनेही मोकळीक दिलेली आहे. हामागुचीला चेरी चालते, तर दिंडोरीच्या मुलीला द्राक्षाचा घड का चालू नये? काळ्या द्राक्षावरची ती धुरकट लव मेझोटिंटसाठीच जन्मल्यासारखी आहे. झरीना हाश्मी (१९३७-२०२०) अलीगढच्या. गणिताची पदवी घेऊन त्या छापकलेकडे वळल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या १९९९ च्या मालिकेत त्यांनी ३६ लाकडी ठसे केले. प्रत्येकात एक उर्दू शब्द आणि थोड्या रेषा, माणसाची आकृती नाही. हरवलेले घर त्यांनी तेवढ्यातून उभे केले. आपली भाषा, आपली सल त्या ठशांत आहे. आपल्या किती घरांना हे नाव ठाऊक आहे?

राहिला पोटाचा प्रश्न. छापकलेने प्रत्येकाचे घर चालेल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. उठाव लागेल. खोदलेल्या धातूच्या पत्र्यातली शाई दाबाने कागदावर घेण्याचे हे तंत्र मेझोटिंटच्याच घराण्यातले. नाशिक रोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. ज्या हुनरावर देशाचा व्यवहार विश्वास ठेवतो, तो आपल्याच जिल्ह्यात नांदतो. आणि आपण मुलांना सांगतो की हे काम आपले नव्हे!

दोष एकट्या समाजाचा नाही. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत कलावंतांची कार्यशाळा काढली. तिथे छापकलेचीही सोय होती. काही वर्षांत ती थांबली. अशी सोय तालुक्याच्या गावी कोणी नेली? मराठी कलासमीक्षा मुंबई-पुण्याबाहेर क्वचितच पाहते, आणि तालुक्यातल्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे राहिलेले गणित उरकण्याची वेळ.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या आपल्या शिक्षणसंस्थांनी, अंजुमनांनी मिळून हाताने फिरवायचे एक छापयंत्र घ्यावे, शिकवणारा नेमावा आणि दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी ठेवावीत. एका थाटाच्या निकाहच्या मंडपावर आपण किती उधळतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्या समाजाच्या मुलांना रोज काळोखच दाखवला जातो, त्यांच्या हाती तो खरवडण्याचे हत्यार द्यायला आपण कचरणार असू, तर उजेडाची तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.