बोअरचे पाणी आणि शेजारचा शोषखड्डा

गेल्या पावसाळ्यात एकाच गल्लीतले सात रुग्ण दोन दिवसांत माझ्याकडे आले. जुलाब, उलट्या, पोटात मुरडा. पाणी कुठले, असे विचारले तर उत्तर एकच : "डॉक्टर, बोअर दोनशे फूट खोल आहे. पाणी अगदी नितळ!" त्या बोअरपासून शौचालयाचा शोषखड्डा जेमतेम पंधरा फुटांवर होता.

वाचकहो, खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज घातक आहे. मातीच्या जाड थरातून मुरताना पाणी बरेच गाळले जाते. आपल्या काळ्या कातळाला मात्र भेगा असतात. त्यांतून घाण न गाळताच खाली उतरते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. परंतु मैल्यातून व खतांतून येणारे नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजली, तर सहा महिन्यांच्या आतले बाळ निळे पडू शकते.

ग्रामपंचायतींना पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर जोखमीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. घरच्या बोअरची पाहणी आपणच करावी. शोषखड्डा, उकिरडा, गोठा पन्नास फुटांच्या आत आहे? भोवतीचा ओटा फुटला आहे? सांडपाणी साचते? एकही उत्तर 'होय' असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

बोअरसाठी आपण पाणाड्याला बोलावतो. शोषखड्डा खणताना मात्र बोअर कुठे आहे, हे कोणी पाहत नाही. बांधकाम परवाना देतानाच हे अंतर तपासले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.