मागे फिरलो, बरं झालं!

तर झालं असं, की यंदा जानेवारीत किंडरची शर्यत मी पूर्ण केली नाही. अर्ध्यातून परत आलो. आईला फोनवर हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "हाती घेतलेलं तडीस न्यावं." आत्याने "मग एवढ्या थंडीत गेलासच कशाला?" असं विचारून विषयच संपवला. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

आधी जागेबद्दल. शेफिल्डहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात ईडेल गाव येतं, त्याच्या डोक्यावर किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मीही नाही. मीही पहिल्यांदा हसलो होतो. पण वर गेलं की शिखर असं नाहीच. नुसतं सपाट, उघडं माळरान. याला इथे मूर म्हणतात. पायाखाली पीट, म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा ओला थर. त्यात पाण्याने कापलेल्या घळी, काही पुरुषभर खोल. धुकं आलं की सगळ्या सारख्याच दिसतात. आडोशाला झाड नाही. पश्चिमेचा वारा जोरात असला की इथला किंडर डाउनफॉल हा धबधबा नाणेघाटातल्यासारखा उलटा वर उडतो. फरक एवढाच, की नाणेघाटात आपण भिजून गरमागरम भजी खातो. इथे जानेवारीत भिजलं तर खेळ संपतो.

त्या दिवशी पाऊस आणि बर्फ एकत्रच आडवे येत होते. आत्याने विणलेले हातमोजे (आत्या, सॉरी!) दहा मिनिटांत चिंब झाले. तासाभराने खायला काढावं म्हणून पाठीवरची सॅक पुढे घेतली, तर चेन उघडेना. बोटं आपली नव्हतीच. वाटेत उभ्या असलेल्या स्वयंसेवक बाईंनी "बरा आहेस ना?" विचारलं. मी "उत्तम" म्हणालो, पण जीभ जड झाल्याचं मलाच ऐकू आलं. गंमत म्हणजे मनातून खरंच उत्तम वाटत होतं!

मला सांगायचं आहे ते हेच. थंडी हातपाय तर बधिर करतेच, पण अक्कलही गुपचूप काढून घेते. शरीराचं तापमान उतरू लागलं की कुडकुडणं, अडखळणं, जड बोलणं आणि त्याबरोबरच चुकीचे निर्णय. म्हणजे परत फिरायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, तोच ठिकाणावर नसतो. म्हणून हा निर्णय घरी, चहा पिताना घ्यायचा. मी आदल्या रात्री ठरवलं होतं, सॅकची चेन उघडता आली नाही तर परत. चर्चा नाही. त्या बाईंना सांगितलं आणि जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या उतरून खाली आलो.

खाली आल्यावर शेवटच्या रेषेपाशी जाऊन नंबर सांगितला. इथल्या डोंगरी शर्यतींचा हा पक्का नियम, शर्यत सोडलीत तरी कळवल्याशिवाय घरी जायचं नाही. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, वॉटरप्रूफ हे सगळं सक्तीचं असतं, पण मला हा नियम सगळ्यात शहाणा वाटतो. तुम्ही घरी रजईत झोपलात आणि यादीत एक नंबर कमी पडला, तर बचाव पथकाची माणसं रात्री तुम्हाला शोधत मूरवर फिरणार. ही माणसं बिनपगारी, सकाळी आपापल्या नोकरीला जाणारी.

बाबा, आता तडीस नेण्याबद्दल. याच ईडेलहून दर जानेवारीत स्पाइन रेस निघते, पेनाइन वेवरून स्कॉटलंडपर्यंत २६८ मैल. २०१९ साली जॅस्मिन पॅरिस ही बाई ८३ तास १२ मिनिटांत सगळ्या पुरुषांच्याही पुढे पहिली आली. मुलगी १४ महिन्यांची, मधल्या मुक्कामांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती. तिची जिद्द मोठी, यात वादच नाही. पण त्याच वर्षी तिच्या मागे दुसरा असलेला धावपटू, जो पूर्वी ही शर्यत जिंकला होता, त्याने अगदी थोडे मैल उरले असताना मदत मागवली आणि शर्यत सोडली. चार दिवस झगडून, गाव जवळ आलेलं असताना! त्याचं कौतुक कुणी करत नाही. मला तो बहाद्दर वाटतो.

असो. पुढच्या जानेवारीत पुन्हा नाव देणार आहे. आत्या, लोकरीचे मोजे मी रोज ऑफिसला जाताना घालतो, शर्यतीसाठी वॉटरप्रूफ घेतलेत. बाबांचं मत अजून बदललेलं नाही. तुमचं काय?