गुणवत्ता मोजायची कुठून?

बारावीचा निकाल लागला की आमच्या आगरदांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोरात काबिलियत असेल तर सीट मिळेलच, आरक्षण कशाला?" बोलणारे आपलेच असतात. मेहनतीवरचा त्यांचा भरवसा मलाही मान्य आहे. पण उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावीला एकदम इंग्रजीत सायन्स शिकणारी मुलगी आणि मुंबईत दोन वर्षं क्लास केलेला मुलगा, दोघांचे मार्क एकाच तराजूत कसे तोलायचे?

हा वाद जगभर आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बहुमताने बंद केली. न्यायमूर्ती सोटोमायोर आणि जॅक्सन यांनी विरोधी मत नोंदवलं: विषमतेकडे डोळेझाक केल्याने समानता येत नाही.

आपल्याकडे हाच विचार निकालातच आला. २० जानेवारी २०२२ रोजी, नीटमधल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की परीक्षेतले मार्क म्हणजेच गुणवत्ता नव्हे. घरची परिस्थिती आणि मिळालेली संधी त्यात मिसळलेली असते.

मग आपलं ५ टक्के कुठे गेलं? जुलै २०१४ मध्ये वटहुकूम निघाला. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेशात नोकऱ्यांमधलं आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं मात्र चालू ठेवलं. डिसेंबरात वटहुकुमाची मुदत संपली आणि नव्या सरकारने त्याचा कायदा केलाच नाही. म्हणजे शिक्षणातला हक्क आपण कोर्टात हरलो नाही, राजकारणात हरलो. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायला हवं.

तोवर हातात आहे ते सोडू नका. इतर कुठल्याही आरक्षणात न बसणाऱ्या, वार्षिक ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. त्याला धर्माची अट नाही. निकालाची वाट न पाहता तहसील कार्यालयातून दाखला काढून ठेवा.

मात्र एक ध्यानात असू द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश लळीत आणि न्यायमूर्ती भट यांनी याच ईडब्ल्यूएसविरुद्ध मत दिलं होतं, कारण त्यातून दलित, आदिवासी आणि ओबीसींमधले गरीब वगळले गेले. आपला हक्क मागताना त्यांचाही हक्क बोलून दाखवला, तरच आपल्या बोलण्याला वजन येईल.