उमेदवारीचा जुना अर्थ

बीड जिल्ह्यात आज ‘उमेदवार’ हा शब्द उच्चारला की कोणाला कोणते तिकीट मिळाले, हीच चर्चा सुरू होते. माझ्या लहानपणी या शब्दाचा दुसरा अर्थही घरोघरी माहीत होता. अमक्याचा मुलगा गॅरेजमध्ये किंवा छापखान्यात ‘उमेदवारी करतो’, म्हणजे पगार नाममात्र, पण काम शिकतो आहे. हा जुना अर्थ अलीकडे मला वारंवार आठवतो. जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शेतात सौरपंप आले. पण त्यांची देखभाल करणारी माणसे कुठे आणि कोणाच्या हाताखाली तयार होणार, हे कोणी विचारत नाही.

१९८६च्या सुमारास मी या जिल्ह्यातल्या एका खेड्यात बँक अधिकारी होतो. गोबरगॅसच्या कर्जवाटपाचे उद्दिष्ट वरून ठरून येई. अनुदान, कर्ज, सिमेंट, गवंडी, सगळे कागदावर जुळे आणि मार्चअखेर आमचा आकडा पूर्ण होई. दोन वर्षांनी वसुलीला गेलो, तेव्हा बरीच संयंत्रे बंद पडलेली. कुठे घुमटाला बारीक तडा जाऊन गॅस निसटत होता, कुठे शेणकाला तुंबला होता. दुरुस्ती किरकोळ होती, पण करणार कोण? बांधणारे गवंडी केव्हाच परगावी गेले होते. एका घरी मी हप्त्याचा विषय काढताच म्हातारी म्हणाली, “साहेब, हप्ता मागायला तुम्ही येता, गॅस नीट करायला कोण येतंय?” मी वही मिटली.

शेजारच्या गावातली संयंत्रे मात्र चालू होती. तिथल्या एका पोराने गवंड्याच्या हाताखाली एक हंगाम माल कालवला होता आणि कालवता कालवता सगळे पाहून ठेवले होते. तडा कुठे जातो, तो शोधायचा कसा, हे त्याला ठाऊक होते. आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणे येई. हत्यारे आणि सायकलीसाठी तो माझ्याकडे कर्ज मागायला आला. त्याच्याजवळ ना प्रमाणपत्र होते, ना तारण. नियमावर बोट ठेवून मी त्याला परत पाठवले. संयंत्रांना कर्ज देणारा मी, ती चालवणाऱ्या माणसाला मात्र देऊ शकलो नाही. नोकरीतल्या ज्या थोड्या गोष्टी अजून टोचतात, त्यांतली ही एक.

आता सौरपंपांचे पाहा. २०२४ साली राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आणली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची, आणि पंपाच्या दुरुस्तीची जबाबदारी पाच वर्षे पुरवठादाराची. योजना चांगलीच आहे. पण सहाव्या वर्षी काय? पट्ट्यांवर धूळ बसेल, उंदीर वायर कुरतडतील, वळवाच्या विजेने कंट्रोलर जळेल. तेव्हा पुन्हा कोणी म्हातारी तोच प्रश्न विचारील.

प्रशिक्षण नाही असे नाही. २०१५ साली सुरू झालेला ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम सुमारे तीन महिन्यांचा आहे. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये ठरले. पण मुदत होती सहा महिन्यांची, ती पुढे पाच महिन्यांनी वाढली. आणि अनेकांच्या वाट्याला शेवटी कचेरीतले टेबलच आले. पंपाचे काम टेबलावर शिकता येत नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाणत्या माणसाबरोबर शेतात काढल्याशिवाय बिघाडाची ओळख पटत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. परळीच्या औष्णिक केंद्रात आयटीआय झालेली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून राहिली, टर्बाइनपाशी उभी राहून कारागीर झाली. तेच केंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळशाच्या विजेलाही पाणी लागते, हा धडा तेव्हा मिळाला. उद्याची वीज वारा आणि उन्हाची असेल, तर उद्याची उमेदवारीही तिथेच हवी.

कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. चार ते एकोणतीस कामगार असतील तर मर्जीची गोष्ट. पण तालुक्याच्या गावी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे एक-दोन पोरे असतात. खरा उस्ताद तोच, आणि कायद्याच्या खात्यात त्याचे नावच नाही. अशा दहा मिस्त्रींचा एक गट करून, आयटीआयने परीक्षा घेऊन, त्यांच्या हाताखालच्या मुलामुलींना विद्यावेतन व प्रमाणपत्र का देऊ नये? पवनऊर्जा कंपन्यांकडूनही जागेच्या करारातच स्थानिक शिकाऊ उमेदवारांचा आकडा लिहून घ्यावा.

विद्यावेतनाचा हिशेब मात्र बीडच्या मापाने करायला हवा. इथे दिवाळीच्या आगेमागे मुकादम उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि कोयत्यामागे उचल लाखाच्या घरात जाते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा घरात असेल, तर आईबापांना तो उद्याचा कोयता दिसतो. महिन्याच्या चार-पाच हजारांच्या आशेवर ती उचल सोडा, हे सांगणे सोपे आहे. म्हणून हंगामाच्या महिन्यांत विद्यावेतन अधिक असावे आणि ते वेळेवर मिळावे. उचल आधी हातात पडते आणि माणूस नंतर फिटेपर्यंत बांधला जातो. उमेदवारीत आधी थोडी झळ सोसावी लागते, पण शिकलेले काम कोणी वसूल करून नेत नाही.

हे केले नाही तर काय होते, तेही जिल्ह्याने पाहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र म्हणते. न्याय न्यायालय करील. पण गावच्या पोरांना वाऱ्याच्या विजेत फक्त ठेका, वाहने आणि दलालीच दिसत असेल, पाना हातात घेऊन करण्याचे काम दिसतच नसेल, तर तो दोष केवळ पोरांचा नाही.

‘उमेदवार’मध्ये ‘उमेद’ आहे. मला ती सभेच्या मांडवात नको, मिस्त्रीच्या दुकानात हवी आहे. आणि तिथला एखादा पोरगा किंवा पोरगी कधी बँकेत हत्यारांसाठी कर्ज मागायला आली, तर माझ्या खुर्चीवर आज बसलेल्या अधिकाऱ्याने त्यांना परत पाठवू नये.