कुंडीतलं इन्सुलिन

सोमवारी बागेच्या फाटकाशी, कारल्याच्या रसाची गाडी लागते तिथे, सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी सोडल्याचं जाहीर केलं. आता रोज अनशापोटी 'इन्सुलिनच्या झाडा'ची दोन पानं. "केमिकल कशाला? आपलं पान बरं!"

प्रस्तुत स्तंभलेखकाचं परदेशी झाडांशी असलेलं वाकडं वाचकांना पाठ आहे. गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया झोडून झाले आहेत. आता हे. ऋषिमुनींच्या नावावर खपणारं हे झाड मूळचं ब्राझीलचं. पानात इन्सुलिन म्हणाल तर थेंबभरही नाही.

पण खरी गंमत काकांनी सोडलेल्या गोळीत आहे. तीही पानापाल्यातूनच आली.

गॅलेगा ऑफिसिनॅलिस हे युरोपातलं जांभळट फुलांचं झुडूप. दूध वाढावं म्हणून ते जनावरांना घालत, आणि जास्त खाल्लं तर मेंढ्या मरत. 1914 मध्ये त्यातून गॅलेजिन वेगळं काढलं गेलं. मधुमेहींना देऊन पाहिलं तेव्हा साखर उतरली, पण असर टिकेना आणि विषबाधेची भीती. त्याच कुळीतलं मेटफॉर्मिन वर्नर आणि बेल यांनी 1922 मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत बनवलं. पुढे ते मागे पडलं, ते 1957 मध्ये ज्याँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष छापेपर्यंत. अमेरिकेची परवानगी तर थेट 1994 ची. मधल्या काळात त्याचं भावंड फेनफॉर्मिन रक्तात आम्ल साचवतं म्हणून बाजारातून गेलं. एवढी चाळण लागल्यावर 500 मिलिग्रॅमची गोळी काकांच्या डबीत आली.

आपल्याकडे याच तोडीचं पान आहे: गुडमार, म्हणजे बेडकीचा पाला. म्हसकर आणि केयस यांनी 1930 मध्येच त्याच्यावर सविस्तर अभ्यास छापला होता. त्यानंतरही काम झालं, पण बरंचसं छोट्या चाचण्यांपुरतं. कुठल्या जमिनीतल्या, कुठल्या ऋतूतल्या पानात किती द्रव्य, हे कुंडीवाला सांगत नाही आणि काका विचारत नाहीत. गॅलेगाच्या वाट्याला तराजू आला. आपल्या पानांच्या वाट्याला नर्सरीतली पाटी.

गुडमारचा एक गुण मात्र जिभेवर लगेच कळतो. गुरुवारी काकांना एक पान चावायला दिलं. चेहरा कडवट झाला. मग चिमूटभर साखर.

"वाळू आहे ही!"

पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचे गोडाचे ग्राहक अडवतात. अर्धा-पाऊण तास गूळसुद्धा मातीसारखा लागतो. काका एवढे खूश झाले की तासाभराने, चव परतल्यावर, त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन जिलब्या मागवल्या. "आता पान आहे ना!"

गोळीचं विचारलं तर उत्तर नाही. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीसाठी त्यांनी शुक्रवारी रक्त दिलंय, रिपोर्ट सोमवारी येणार आहे. तोवर स्तंभलेखकाच्या गॅलरीत, त्याला न विचारता, ब्राझीलचं एक रोप येऊन बसलंय.