विकत घेतलेल्या डिस्कचं कुलूप

मागच्या रमजान ईदला माझा चुलतभाऊ दुबईहून आला, तेव्हा अब्बांसाठी त्याने 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची ब्ल्यू-रे डिस्क आणली. अब्बांनी हा सिनेमा तरुणपणी मिरजेत मोठ्या पडद्यावर पाहिला होता. त्यातला एक प्रसंग आम्ही भावंडांनी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकलेला. वाळवंटातली विहीर, उन्हाने थरथरणारी हवा आणि क्षितिजावर एक काळा ठिपका. तो ठिपका हळूहळू मोठा होतो, त्याचा उंट होतो, उंटावरचा माणूस होतो. तो माणूस म्हणजे ओमर शरीफ.

पुढे हाच सिनेमा आम्ही त्यांना व्हिडिओ कॅसेटवर दाखवला, नंतर डीव्हीडीवर दाखवला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठिपका कुठाय?" तो खरंच दिसत नव्हता. हा सिनेमा ६५ मिलिमीटरच्या मोठ्या फिल्मवर चित्रित झालेला आहे. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं असतं, ब्ल्यू-रेचं १९२० गुणिले १०८०. म्हणजे पाचपट बिंदू. त्यामुळे हौस म्हणून नव्हे, त्या ठिपक्यासाठी आम्हाला ही डिस्क हवी होती.

घरात ब्ल्यू-रे प्लेअर नाही, संगणक आहे. त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह चालणार नव्हता, कारण तो लाल लेझरने वाचतो आणि ब्ल्यू-रेला कमी तरंगलांबीचा निळा-जांभळा लेझर लागतो. म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. शुक्रवारी संध्याकाळी अब्बा खुर्ची ओढून बसले. मी डिस्क घातली. विंडोजने डिस्क ओळखली, पण सिनेमा लागेना. विंडोजमध्ये ब्ल्यू-रे सिनेमा दाखवायची सोयच नाही, ते सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं. तेही घेतलं. मग पडद्यावर इंग्रजीत चौकट आली. तिचा अर्थ इतकाच, की तुमचा मॉनिटर कॉपी-संरक्षणाला पात्र नाही.

अब्बांनी विचारलं, "पैसे दिये ना रे इसके?"

दिले होते. डिस्कचे, ड्राइव्हचे, सॉफ्टवेअरचेही. तरी आम्ही तिघं आमच्याच घरात संशयित ठरलो होतो.

तेवढ्यात माझा पुतण्या म्हणाला, "दादा, पेनड्राइव्हवर आणून देऊ का? दोन मिनिटांत लागेल." आणि खरंच लागलं असतं. चोरलेल्या प्रतीवर कुलूप नसतं. अब्बा म्हणाले, "चोरीका माल नको रे मेरेकू." विषय संपला. मला मात्र झोप लागली नाही. पुढचे आठ दिवस मी हे कुलूप कसं आहे ते समजून घेत होतो. ते इथे लिहितो, कारण ज्यांचे भाऊ, मुलं आखातात किंवा विलायतेत आहेत, अशा कितीतरी घरांत अशा डिस्क येऊन पडलेल्या असतात.

हे कुलूप एक नाही, कुलपांची माळ आहे. पहिलं कुलूप डिस्कवर असतं. त्याला एएसीएस म्हणतात. सिनेमा सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडायच्या किल्ल्या मान्यताप्राप्त प्लेअरकडेच असतात. एखाद्या प्लेअरची किल्ली फुटली, की नव्या निघणाऱ्या डिस्कवर ती रद्द झाल्याची यादी येते. २००७ साली संगणकावरच्या एका प्लेअरच्या बाबतीत हेच झालं आणि तो वापरणाऱ्या सगळ्यांना सॉफ्टवेअर अद्ययावत करावं लागलं. म्हणून काल चालणारं सॉफ्टवेअर आज नवी डिस्क नाकारतं. शिवाय नवी डिस्क एकदा घातली, की ड्राइव्ह ती रद्द-यादी स्वतःच्या स्मृतीत ठेवून घेतो.

दुसरं कुलूप तारेवर असतं, त्याचं नाव एचडीसीपी. संगणक चित्र पाठवण्याआधी मॉनिटरला ओळख विचारतो. मॉनिटरने बरोबर उत्तर दिलं तरच चित्र पुढे जातं. जुन्या व्हीजीए तारेवर हा संवाद होतच नाही. मधे एखादा स्वस्त स्प्लिटर असला किंवा दुसरा जुना मॉनिटर जोडलेला असला, तरी साखळी तुटते. आमचा दोष इथे होता. एचडीएमआयला एक छोटा अडॅप्टर लावून मी जुना व्हीजीए मॉनिटर चालवत होतो.

तिसरं कुलूप प्रदेशाचं. ब्ल्यू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन भाग केले आहेत. भारत सी मध्ये, आखात आणि युरोप बी मध्ये, अमेरिका ए मध्ये. सगळ्या डिस्कवर हे बंधन नसतं, आमच्या डिस्कवरही नव्हतं. पण असलं, तर भावाने प्रेमाने दुबईहून आणलेली डिस्क मिरजेत मुकी होते. चौथं कुलूप आवाजात असतं, सिनाव्हिया नावाचं. सिनेमाच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. ही प्रत मान्य नाही असं प्लेअरला वाटलं, की काही मिनिटांनी चित्र चालू राहतं आणि आवाज बंद होतो. लोक स्पीकर तपासत बसतात.

तुमच्याकडे असं झालं, तर याच क्रमाने जा. आधी ड्राइव्ह ब्ल्यू-रेचाच आहे ना, ते बघा. डिस्कच्या वेष्टनावरचं प्रदेशाचं अक्षर वाचा. दुसरा मॉनिटर काढा, मधले अडॅप्टर आणि स्प्लिटर काढा, एकच एचडीएमआय तार सरळ जोडा. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि शेवटी प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं.

आम्ही मॉनिटर बदलला. मग चौकट आली, की प्लेअरची नवी आवृत्ती घ्या. मी स्वस्तात जुनी आवृत्ती घेतली होती आणि तिचे फुकट अपडेट संपले होते. पुन्हा पैसे भरले. नवव्या दिवशी सिनेमा लागला.

आता माझं म्हणणं. चोरीची बाजू मी घेत नाही. सिनेमामागे शेकडो माणसांचे हात असतात, त्यांची मजुरी बुडवणं चूकच. आपल्यातले काही जण म्हणतात, की कॉपी केली म्हणजे वस्तू थोडीच नेली? त्यांनी लक्षात घ्यावं, की आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखनाचे, शोधांचे हक्क शरियतनुसार संरक्षित असल्याचं आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नसल्याचं म्हटलेलं आहे. अब्बांना हा ठराव माहीत नव्हता. त्यांना त्याची गरजही पडली नाही.

पण सौद्याला दोन बाजू असतात. ग्राहकाने पैसे द्यायचे, विकणाऱ्याने वस्तू हवाली करायची. ज्याने पूर्ण किंमत घेतली आणि वस्तूची किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवली, त्याने वस्तू विकली की भाड्याने दिली? भाड्याने दिली असेल तर तसं सांगावं.

चोर अडत असता, तर हा त्रास आपण सोसलाही असता. तो अडलेला नाही. डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्येच उघडलं गेलं. त्या प्रकरणात नॉर्वेच्या एका तरुणावर खटला भरला आणि २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांत निर्दोष सुटला, कारण स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहणं हा गुन्हा नाही. एचडीसीपीची मूळ किल्ली २०१० मध्ये इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. म्हणजे चोराकडे किल्ली कधीचीच आहे. कुलूप आता फक्त मालकासाठी उरलं आहे.

याहून वाईट गोष्ट ४-के डिस्कची. त्या संगणकावर अधिकृतपणे बघायला प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सोय लागते. इंटेलने आपल्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ती काढून टाकली. परिणाम असा, की जुन्या संगणकावर दिसणारी डिस्क नव्या, महागड्या संगणकावर दिसत नाही. ग्राहकाने काही चूक केली नाही, उलट पैसे खर्च करून तो मागे गेला.

आपला कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हेतूचा शब्द त्यात आहे, हे चांगलं आहे. पण कुलूप लावणाऱ्यावर त्या कलमात काहीच जबाबदारी नाही. तोडणाऱ्याला शिक्षा आहे, मग प्रामाणिक माणसाला दाराबाहेर ठेवणाऱ्याला निदान उत्तरदायी तरी धरा.

माझ्या मागण्या लहान आहेत. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापा, की ही डिस्क कोणत्या प्रदेशात, कोणत्या तारेवर, कशा संगणकावर चालेल. माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. विकलेल्या प्लेअरला किल्ल्यांचं अपडेट फुकट द्या, कारण किल्ली बदलायची गरज ग्राहकामुळे पडलेली नाही. आणि ज्या दिवशी किल्ल्या देणं बंद कराल, त्या दिवशी विकलेल्या डिस्क उघड्या करून द्या.

त्या रात्री विहिरीचा प्रसंग आला, तेव्हा अब्बा खुर्ची सरकवून पडद्याजवळ गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून म्हणाले, "ये देख." ठिपका होता.

सिनेमा पावणेचार तासांचा आहे. अब्बांनी तो मध्यंतरासकट पाहिला. डिस्क आता कपाटात आहे आणि वर्षभराने ती पुन्हा लागेल की नाही, हे ठरवणं अजूनही आमच्या हातात नाही.